मदनपुरा १८९८ : साथ, सरकार आणि मोहल्ला

मुंबईच्या भायखळा भागात मदनपुरा हा जुना मोहल्ला आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर इथे हातमाग घेऊन वसले. सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख ‘जुलाहा’ असा होई. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगचे रोगी शोधणारे सरकारी पथक या मोहल्ल्यात शिरले. एका घरात बारा वर्षांची मुलगी आजारी होती. पथकाला तिला इस्पितळात न्यायचे होते. विणकरांनी वाट अडवली, गर्दी वाढली, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला. दंगल शहरात पसरली आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली.

या घटनेकडे ‘अडाणी लोकांनी औषधाला केलेला विरोध’ म्हणून पाहिले जाते. मुसलमान आणि लस यांचा विषय निघाला की आजही असेच काहीतरी ऐकू येते. पण त्या मुलीच्या घरच्यांनी दार का अडवले, हे समजून घ्यायचे तर दीड वर्ष मागे जावे लागेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या धान्यगोदामांच्या परिसरात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हाँगकाँगला १८९४ मध्ये अलेक्झांडर येरसिन यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. उंदरावरची पिसू तो पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते जून १८९८ मध्ये, म्हणजे मदनपुऱ्याच्या दंगलीनंतर. तेही मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकारने गटारे धुतली, घरांची कौले काढली, सामान जाळले आणि माणसे हलवली. उंदीर मात्र एका गोदामातून दुसऱ्यात जात राहिले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. साथ आली की सरकारला हवे ते नियम करता येतील, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, हे त्याचे सार. रोग्याला उपचार मिळण्याचा हक्क, घरच्यांना भेटीची मुभा, बुडालेल्या मजुरीची भरपाई यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. मार्चमध्ये मुंबईत जनरल गॅटेकर यांची प्लेग समिती नेमली गेली. पुण्यात वॉल्टर रँड आले आणि घरझडतीसाठी गोऱ्या सैनिकांना उतरवले गेले. पुढे २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. पण रँडविरुद्धचा संताप आणि मदनपुऱ्याचा संताप यांचे मूळ एकच होते, हे शाळेत कोणी सांगत नाही.

लोकांच्या भीतीला कारणे होती. इस्पितळात गेलेला रोगी बहुधा परत येत नसे, कारण तो पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे. प्रेताच्या तपासणीसाठी दफन अडे. परक्या पुरुषाने घरात शिरून बाईच्या काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी तपासायच्या, ही कल्पना हिंदू घराला जितकी असह्य होती तितकीच पर्द्यातल्या मुस्लिम घराला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. त्यात जात-धर्माचा प्रश्न नव्हता. तिथे नेलेला माणूस मरतो, एवढेच सगळ्यांना दिसत होते.

अशा वेळी लोकांनी दोन गोष्टी केल्या. एक, रोगी लपवले. दोन, पळ काढला. मुंबईची वस्ती तेव्हा आठ लाखांच्या वर होती. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत त्यातले लाखो लोक गावी निघून गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही कोकणात आणि घाटावर पोहोचला. म्हणजे ज्या सक्तीने साथ थांबवायची होती, तिच्या धाकानेच साथीला वाट मिळाली. पुढच्या सुमारे पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने मेली.

याच काळात शहरात दुसरीही एक गोष्ट घडत होती. वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. लसीने ताप येई, दंड सुजे. लोक घाबरत होते. तेव्हा खोजा इस्माइली जमातीचे इमाम, तिसरे आगाखान, जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी सगळ्यांसमोर लस टोचून घेतली. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. लस घेऊन माणूस मरत नाही हे जमातीने डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. हजारो खोजांनी लस घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच.

तीच मुंबई, तीच साथ आणि मुसलमानांच्याच दोन जमाती. एकीने लस घेतली, दुसरीने पथकाला हुसकावले. खोजा व्यापारी होते, सुस्थितीत होते, हा फरक खराच. पण आणखी एक फरक होता. खोजांकडे लस घेऊन आलेला माणूस त्यांचा स्वतःचा होता आणि त्याने आधी आपला दंड पुढे केला होता. मदनपुऱ्यात आलेल्यांच्या पाठीशी पोलीस होते.

धर्म आड येत होता का? रोगाच्या भीतीने लस घेणे हे तवक्कुलच्या, म्हणजे अल्लाहवरच्या भरवशाच्या विरुद्ध आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तो मुलूख सोडून पळू नका, ही हदीस मुसलमानांना तेराशे वर्षांपासून ठाऊक होती. खलिफा उमर शामकडे निघाले असता तिथे साथ असल्याचे कळल्यावर वाटेतूनच मदिनेला परतले, हेही सर्वांना माहीत होते. लोकांनी आजार असताना गावोगाव फिरू नये, एवढेच सांगायचे असते तर मशिदीतल्या मिंबरवरून ते सहज सांगता आले असते. शिपायाला दारात उभे करण्याआधी मौलानाला विश्वासात घ्यावे, हे सरकारला दंगलीनंतर सुचले. पुढे धोरण सैल झाले. सक्तीपेक्षा समजावण्यावर भर आला आणि हकीम, वैद्य, जमातींचे पुढारी यांची मदत घेतली जाऊ लागली.

कायदा मात्र तसाच राहिला. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने हाच १८९७ चा कायदा लागू केला. एप्रिलमध्ये मालेगावात रुग्ण सापडू लागले. मालेगाव हेही मोमीन विणकरांचे शहर. मदनपुऱ्याच्या विणकरांचीच ही भावंडे, फक्त हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. काही महिन्यांपूर्वीच नागरिकत्वाच्या कागदांवरून देशभर आंदोलने झाली होती. त्यामुळे दारात कोणी वही घेऊन माणसे मोजायला आले की लोक दार लावून घेत. त्यातच दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यावरून वाहिन्यांनी एका समाजालाच रोगाचे नाव दिले. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले, असे मत नोंदवले. पण तोवर नुकसान झाले होते. मोहल्ल्यातले खाजगी दवाखाने बंद होते, लोक सरकारी इस्पितळात जायला घाबरत होते. दमा, मधुमेह आणि हृदयविकाराचे रोगी घरातच गेले. दवाखाने पुन्हा उघडले, मौलानांनी आवाहन केले, स्थानिक डॉक्टर पुढे आले, तेव्हा चित्र पालटू लागले.

हे जमते, याचा सर्वांत मोठा पुरावा पोलिओचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक मुस्लिम कुटुंबे थेंब नाकारत होती. लसीने नसबंदी होते, अशी अफवा होती. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण असलेल्या मुलखात ती न पसरती तरच नवल. तिथे पोलीस पाठवून काम झाले नाही. मोहल्ल्यातल्याच बायकांना कामाला घेतले गेले, मशिदींतून घोषणा झाल्या, अलिगढ आणि जामिया विद्यापीठांची मदत घेतली गेली. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही.

१८९६ मध्ये अविश्वासातून लोक लपत होते किंवा पळत होते, कारण त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. आज तिसरा मार्ग आहे : दुकानातून स्वतःच अँटिबायोटिक आणणे. त्याची झलक १९९४ मध्ये सुरतेत दिसली. सप्टेंबरमध्ये प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. अनेक खाजगी डॉक्टरही गेले. आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. ज्याला रोग नव्हता त्यानेही गोळ्या घेतल्या, कोणी दोन दिवस, कोणी चार दिवस.

यात बिघडले काय? गोळ्या अर्धवट किंवा विनाकारण घेतल्या की अशक्त जंतू मरतात आणि गोळीला दाद न देणारे जंतू उरतात, वाढतात, इतर जंतूंनाही तो गुण देतात. प्लेगचा जंतूही याला अपवाद नाही. १९९५ मध्ये मादागास्कर या गरीब देशात एका रोग्यात असा प्लेगचा जंतू सापडला की त्याच्यावर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही नेहमीची औषधे चालत नव्हती. तो पसरला नाही, हे नशीब. बाकीचे जंतू इतके दयाळू नाहीत. ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे मेली. सर्वाधिक फटका आफ्रिका आणि दक्षिण आशियाला बसला.

आपल्याकडे अनेक अँटिबायोटिक्स २०१४ पासून ‘एच-वन’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम आहे. तरीही कोविडमध्ये अॅझिथ्रोमायसिन घरोघरी पोहोचले, जरी ते विषाणूवर चालत नाही. केवळ दुकानदाराला दंड करून हे थांबणार नाही. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस एक पाळी बुडवून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहू शकत नाही. तो दुकानातून चार गोळ्या घेतो, ताप उतरला की उरलेल्या भावाला देतो. मोहल्ल्यात संध्याकाळी उघडा असणारा, साधी तपासणी करणारा आणि ‘तुला अँटिबायोटिकची गरज नाही’ असे सांगितल्यावर ज्याचे ऐकावेसे वाटेल असा दवाखाना असेल, तरच हे बदलेल.

पुढच्या साथीची तयारी म्हणजे व्हेंटिलेटर आणि प्रयोगशाळा, असे आपण समजतो. तेही लागतेच. पण साथ नसतानाच्या वर्षांत सरकार मोहल्ल्यात कोणत्या कामासाठी येते, यावर साथीत दार उघडणार की नाही हे ठरते. आपली जबाबदारीही आहे. जुम्याच्या खुतब्यात वर्षातून दोनदा तरी लस आणि औषधांबद्दल बोलले जावे, जमातींच्या ट्रस्टनी चालवलेल्या दवाखान्यांनी विनाकारण अँटिबायोटिक लिहिणे थांबवावे, उरलेल्या गोळ्या वाटू नयेत. यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायचे कारण नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने १८९७ च्या कायद्यात मोठे बदल करावेत किंवा नवा कायदा आणावा, अशी शिफारस केली. तो जेव्हा येईल तेव्हा त्यात सरकारचे अधिकार किती, हे आपण पाहूच. पण घरातून नेलेल्या आजारी मुलीबरोबर तिची आई जाऊ शकेल की नाही, एवढे एक कलमही त्यात शोधायला हवे.