वसंतकालीन निसर्गनिरीक्षण

वसंतकालीन निसर्गनिरीक्षण म्हणजे रोजच्या फेरफटक्याच्या वाटेवरील झाडे, पक्षी, कीटक व अन्य सजीव यांच्यात वसंत ऋतूत होणारे बदल नियमितपणे पाहणे आणि त्यांची दिनांकासह नोंद ठेवणे. त्यासाठी अरण्यात जाण्याची किंवा महागड्या साधनांची आवश्यकता नसते; गावातील रस्ता, शाळेचे आवार, टेकडी किंवा नदीकाठ पुरेसा होतो. हा छंद असला, तरी एकाच वाटेवरील त्याच झाडांची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद पुढे शास्त्रीय पुरावा म्हणून उपयोगी पडते. सजीवांच्या जीवनक्रमाचा ऋतुमानाशी असलेला संबंध अभ्यासणाऱ्या शाखेस फिनॉलॉजी असे नाव आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील वसंताचा विचार केला आहे.

कालावधी

भारतीय परंपरेनुसार चैत्र व वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणात मात्र वसंत असा स्वतंत्र ऋतू नाही. तेथे जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा आणि मार्च ते मे हा मोसमी पावसापूर्वीचा उन्हाळा मानला जातो. प्रत्यक्ष सृष्टीत वसंताची चिन्हे माघ-फाल्गुनातच, म्हणजे फेब्रुवारीपासून दिसू लागतात आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत टिकतात.

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते व अधिक मासाने हा फरक भरून काढला जातो. त्यामुळे तिथी इंग्रजी दिनांकाच्या तुलनेत पुढेमागे सरकतात. उदाहरणार्थ, गुढीपाडवा २०२१ मध्ये १३ एप्रिलला, तर २०२३ मध्ये २२ मार्चला आला. "पाडव्याला कडुनिंब फुलला होता" एवढीच नोंद असेल, तर दोन वर्षांची तुलना करताना तीन आठवड्यांची चूक होऊ शकते. म्हणून नोंदीत तिथी लिहिली, तरी सौर दिनांक लिहिणे आवश्यक ठरते.

स्वरूप

शीत कटिबंधात वसंत हा बर्फ वितळल्यानंतरचा हिरवा ऋतू असतो. महाराष्ट्रातील वसंत कोरडा असतो. जमिनीतील ओल कमी होत जाते, गवत वाळते आणि पानझडी झाडांची पाने गळतात. याच काळात अनेक झाडे फुलतात आणि पहिला पाऊस येण्यापूर्वीच नवी पालवी धारण करतात.

या वरवर विसंगत वाटणाऱ्या क्रमामागे कारणे आहेत. जुनी पाने गळल्यावर पानांवाटे होणारे बाष्पीभवन थांबते व खोडातील आणि खोल मुळांनी मिळवलेले पाणी कळ्यांसाठी उपलब्ध होते. निष्पर्ण फांद्यांवरील फुले परागीभवन करणाऱ्या पक्ष्यांना व कीटकांना दुरूनही दिसतात. या ऋतूत फुलणाऱ्या अनेक झाडांचे बी पावसाळ्याच्या तोंडावर तयार होते, त्यामुळे त्याला रुजण्यास योग्य वेळ मिळते.

वनस्पती

पळस : शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले येतात. कळ्यांचे देठ व पुष्पकोश काळपट, मखमली असतात. फुलांपासून होळी-रंगपंचमीसाठी रंग करण्याची पद्धत आहे. प्रत्येक पान तीन पर्णिकांचे असते. "पळसाला पाने तीनच" ही म्हण त्यावरूनच आली.

पांगारा : लाल फुलांचा हा वृक्षही याच सुमारास फुलतो. त्याच्या पानालाही तीनच पर्णिका असतात, त्यामुळे पळसाशी गल्लत होते. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात. पळसाला ते नसतात.

काटेसावर : शाल्मली या नावानेही परिचित. फूल मोठे, जाड पाच पाकळ्यांचे व बहुधा लाल असते. झाडाखाली पडलेल्या टपोऱ्या फुलांवरूनही ती ओळखता येते. पुढे एप्रिल-मेमध्ये बोंडे उकलून त्यांतील कापूस वाऱ्यावर उडतो.

वावळ : पाने नसताना झाड फिकट हिरव्या पालवीने भरल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ती चपटी, पंखयुक्त फळे असतात. वाळल्यावर ती वाऱ्याने दूरवर पसरतात.

कडुनिंब : पानगळ, तांबूस पालवी आणि पांढऱ्या सुगंधी फुलांचे तुरे हा क्रम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पूर्ण होतो. फुलाचा रंग जांभळट असल्यास ते झाड बकाण निंबाचे असण्याची शक्यता अधिक असते.

पिंपळ व कुसुम : दोन्ही झाडे पालवीसाठी पाहावीत. पिंपळाची कोवळी पाने तांबूस, तर कुसुमाची गडद लाल असतात. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. पान जून होताना हरितद्रव्य वाढते व रंग हिरवा होतो. दुरून पाहणाऱ्याला कुसुमाची पालवी फुलांसारखी भासते.

बहावा व ताम्हण : एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस खाली लोंबतात. सोनमोहराचे पिवळे तुरे वरच्या दिशेने उभे असतात, हा दोहोंतील ओळखण्याजोगा फरक होय. जांभळ्या फुलांचे ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असून तेही याच सुमारास फुलते.

मोह : विदर्भातील वनांमध्ये मार्च-एप्रिलमध्ये मोहाची मांसल फुले रात्री उमलून पहाटे गळतात. ती वेचणे हे अनेक आदिवासी कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. त्यामुळे मोहाचा बहर केव्हा येतो, यावर त्या कुटुंबांचे काही आठवड्यांचे उत्पन्न अवलंबून असते.

शहरांतील वाटांवर विदेशी मूळ असलेली झाडेही मोठ्या संख्येने आढळतात. गुलमोहर मादागास्करमधून, तर नीलमोहर, पर्जन्यवृक्ष व गिरिपुष्प अमेरिका खंडांच्या उष्ण प्रदेशांतून आले. त्यांच्याही नोंदी ठेवाव्यात. मात्र देशी झाडांच्या नोंदींपासून त्या वेगळ्या असाव्यात.

पक्षी

वसंतात पक्षी प्रथम ऐकू येतात व नंतर दिसतात. "कुहू" असा साद घालणारा पक्षी काळ्या रंगाचा नर कोकिळ होय. मादी तपकिरी व ठिपकेदार असून तिचा आवाज "किक्-किक्" असा तीव्र असतो. मराठी काव्यात व बोलीत कोकिळेचे गान रूढ झाले असले, तरी गाणारा नर असतो. कोकिळ हा स्थलांतर करून अचानक येणारा पक्षी नाही. तो वर्षभर येथेच असतो व विणीचा काळ जवळ आल्यावर बोलू लागतो. मादी मुख्यतः कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, त्यामुळे कावळ्यांची घरटी बांधण्याची लगबग आणि कोकिळेचा वावर या दोन्ही नोंदी एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

तांबट हा छोटा हिरवा पक्षी भांड्यावर हातोडी मारल्यासारखा "टुक्-टुक्" असा संथ, अखंड आवाज करतो व वठलेल्या फांदीत ढोली कोरतो. दयाळाचे शीळ घालणे पहाटे, उजाडण्यापूर्वीच सुरू होते. पावशाचा चढत जाणारा, "पेर्ते व्हा" असा भासणारा आवाज उन्हाळा वाढताना ऐकू येतो. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा म्हणजे शिंजिराचा नर या काळात पूर्ण जांभळा-निळा चमकतो. विणीनंतर तो फिका होतो.

टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाशी मिळतीजुळती अंडी घालते. उन्हाचा ताप वाढल्यास पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंड्यांवर बसते. माळावरील वाट सोडून चालणाऱ्यांच्या पायाखाली ही घरटी येण्याचा धोका असतो.

आगमनाइतकीच निर्गमनाची नोंदही महत्त्वाची आहे. भोरड्या हिवाळी पाहुण्या असून पळस, पांगारा व काटेसावर यांच्या फुलांवर थव्याने उतरतात. त्यांना पळसमैना असेही म्हणतात. एप्रिलअखेर त्यांचे बहुतेक थवे वायव्येकडील प्रजननक्षेत्रांकडे निघून जातात. हिवाळ्यात आलेले धोबी पक्षीही याच सुमारास दिसेनासे होतात. पक्षी पहिल्यांदा दिसला तो दिवस सहज लक्षात राहतो; शेवटचा दिवस मात्र नियमित नोंदीखेरीज कळू शकत नाही.

कीटक व अन्य प्राणी

मोहोर व फुलांवर आग्या व सातेरी मधमाश्यांची वर्दळ वाढते. सरड्याच्या नराचे डोके व गळा विणीच्या काळात लाल होतो आणि तो उंच जागी बसून मान हलवताना दिसतो. मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या सुमारास सह्याद्रीतील वृक्षांवर काजवे चमकू लागतात. ते वसंताच्या समाप्तीचे सूचक मानता येतील.

नोंद ठेवण्याची पद्धत

१. वाट व वेळ शक्यतो एकच ठेवावी. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पक्ष्यांसाठी अनुकूल असतात.

२. वाटेवरील पाच ते दहा झाडे निवडून त्यांना क्रमांक द्यावेत. "पळस फुलला" यापेक्षा "झाड क्रमांक ३, पळस" ही नोंद अधिक उपयुक्त असते. कारण एकाच जातीची शेजारची झाडेही निरनिराळ्या दिवशी फुलतात.

३. प्रत्येक झाडाची आठवड्यातून एकदा नोंद घ्यावी. कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे व पिकलेली फळे यांपुढे "नाही", "थोडी" किंवा "पुष्कळ" असे लिहावे.

४. "नाही" ही नोंद कधीही वगळू नये. ५ मार्चला फूल नव्हते व १२ मार्चला होते, असे दोन्ही लिहिलेले असेल, तरच बहर कोणत्या आठवड्यात सुरू झाला हे निश्चित होते.

५. पक्षी पाहिला की केवळ ऐकला, हे स्पष्ट करावे. ओळख अनिश्चित असल्यास नावाऐवजी वर्णन लिहावे.

६. घरट्याजवळ जाऊ नये, फांद्या वाकवू नयेत व घरट्याची छायाचित्रे घेण्याचा मोह टाळावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित पक्ष्यांची अंडी व घरटी यांना इजा करणे हा गुन्हा आहे.

जमलेल्या नोंदी सीझनवॉच या वृक्षविषयक, तसेच ईबर्ड व आयनॅचरलिस्ट या नागरिकांच्या सहभागावर चालणाऱ्या प्रकल्पांना देता येतात.

इतिहास

कालिदासाच्या 'ऋतुसंहार' या काव्यात सहा ऋतूंचे वर्णन असून ते ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंताने संपते. संस्कृत काव्यातील काही वर्णने मात्र कविसंकेत आहेत. सुंदरीच्या पदाघाताने अशोक फुलतो, ही कल्पना त्यांपैकीच एक होय. मराठीत दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे पुस्तक बारा महिन्यांतील सृष्टीचे निरीक्षण ललित गद्यात मांडते. पक्षिनिरीक्षणाला भारतात व्यापक चालना देणारे सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

जगातील दीर्घ नोंदींमध्ये जपानमधील क्योतो येथील चेरीच्या बहराची नोंद प्रसिद्ध आहे. जुन्या रोजनिशा व दरबारी कागदपत्रे यांच्या आधारे ती नवव्या शतकापर्यंत मागे नेता येते. २०२१ मध्ये तेथील पूर्ण बहर २६ मार्चला आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत तोपर्यंत इतक्या लवकर तो कधीही आला नव्हता. इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंताच्या चिन्हांची नोंद ठेवली व त्यांच्या वंशजांनी ती १९५८ पर्यंत चालू ठेवली. अमेरिकेतील कॉनकॉर्ड येथे हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात फेरफटक्यात लिहिलेल्या फुलांच्या तारखांचा रिचर्ड प्रिमॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड शतकानंतर उपयोग केला. तेथील रानफुले आता सरासरीने आठवडाभर किंवा त्याहूनही लवकर फुलतात, असे त्यातून दिसून आले.

महत्त्व

वरील नोंदी ठेवणाऱ्यांसमोर हवामानबदलाचा प्रश्न नव्हता. त्यांनी केवळ सातत्य राखले आणि तेच पुढे मोलाचे ठरले. एखाद्या वर्षी बहर लवकर आला, तर तो त्या वर्षीच्या हवेचा परिणाम असू शकतो. तो कायमचा बदल आहे की नाही, हे अनेक वर्षांच्या तुलनेनेच ठरते. भारतात अशा दीर्घकालीन नोंदी मोजक्याच आहेत आणि गेलेल्या वसंताची नोंद नंतर करता येत नाही.

झाडे, कीटक व पक्षी ऋतूच्या निरनिराळ्या खुणांना प्रतिसाद देतात. फुलांची वेळ बदलली आणि परागीभवन करणाऱ्यांची बदलली नाही, तर दोघांचीही हानी होते. शेतीशीही याचा थेट संबंध आहे. कोकणात आंब्याच्या मोहोराच्या काळात ढगाळ हवा व अवकाळी पाऊस आल्यास तुडतुडे व भुरी यांचा प्रादुर्भाव वाढतो आणि पीक घटते.

स्थानिक पातळीवरही नोंदवहीचे मोल आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरी भागात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते व नागरिकांना हरकत नोंदवता येते. त्या झाडावर कोणते पक्षी घरटी करतात, ते केव्हा फुलते व कोण त्यावर अवलंबून आहे, हे दिनांकासह सांगता आल्यास हरकतीला आधार मिळतो.

मर्यादा

"पहिले फूल" किंवा "पहिला आवाज" यांची तारीख निरीक्षक किती वेळा बाहेर पडला, यावर अवलंबून असते; म्हणून फेऱ्यांची संख्याही नोंदवणे आवश्यक आहे. रस्त्यावरील दिवे, बागेला दिले जाणारे पाणी व छाटणी यांमुळे शहरातील झाडांचा क्रम रानातील झाडांपेक्षा वेगळा असू शकतो. टेकड्यांवर फेब्रुवारी ते मे या काळात लागणारे वणवे जमिनीवरील घरटी व रोपे नष्ट करतात. अशा घटनांची नोंद नसल्यास पुढील वर्षांचे आकडे चुकीचे निष्कर्ष देतात. झाड तोडले गेल्यास त्याची नोंद बंद न करता "तोडले" असे दिनांकासह लिहून ठेवावे.

हेही पाहा

ऋतू
चैत्र
पळस
कोकिळ
पक्षिनिरीक्षण
हवामानबदल