आमच्या लहानपणीचे मोकळे रान



‘आमच्या लहानपणी असे नव्हते’ हे वाक्य मराठी घरांत जितक्या वेळा उच्चारले गेले असेल, तितके दुसरे क्वचितच. सूरपारंब्या, विटीदांडू, नदीतले पोहणे, पाडलेल्या कैऱ्या आणि दिवेलागणीचा परवचा एवढ्या सामग्रीवर गतकाळातले बालपण उभे राहते, आणि नातवाच्या हातातल्या मोबाइलकडे पाहून उसासा टाकला जातो. गंमत अशी की, उसासा टाकणाऱ्या आजोबांनी आपल्या आजोबांकडून हेच ऐकलेले असते. मग हे मोकळे बालपण होते तरी कोणत्या साली? आज आपण ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधू, कारण त्या काळातल्या काही मुलांनी मोठेपणी आपले लहानपण स्वतःच लिहून ठेवले आहे.

पूर्वीची मुले कशी खंबीर होती याचा दाखला म्हणून महर्षी कर्व्यांची पायपीट नेहमी सांगितली जाते. १८७५ साली मुरुडचा धोंडू कर्वे परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर साताऱ्याला चालत गेला. वाट शंभर मैलांहून अधिक, मध्ये सह्याद्रीचा घाट, आणि वय अवघे सतरा. आज या वयाच्या मुलाला आपण परगावी एकटे सोडताना दहा वेळा विचार करतो. पण गोष्ट इथे संपवली की तिची निम्मी चव जाते. तो पायी गेला, कारण परीक्षा जवळपास कोठे होत नव्हती आणि जायला दुसरे साधन नव्हते. साताऱ्यात पोचल्यावर, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून साहेबांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. मोकळेपणा म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यात नाइलाजाचा भाग केवढा होता, हे त्या परतीच्या वाटेवर त्यालाच ठाऊक.

साताऱ्याचाच दुसरा प्रवास २६ वर्षांनंतरचा. १९०१ साली दहाएक वर्षांचा भीमराव आंबेडकर, बरोबरच्या मुलांसह, वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाला. मोठे माणूस बरोबर नाही, अंगावर नवे कपडे, आगगाडीतला प्रवास! बालपणीच्या आनंदाची याहून चांगली सामग्री कोणती? मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी बैल हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने चालावे या अटीवर. शिदोरी भरपूर होती, पण पाणी कोणी देईना, म्हणून ती तशीच राहिली आणि मुले रात्रभर उपाशी राहिली. दोन्ही प्रवासांत मुले मोठ्यांवाचून निघाली होती. हिंडण्याची मोकळीक होती म्हणावे, तर ती कोणत्या पाणवठ्यापर्यंत, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली अकराव्या वर्षी झाले. लक्ष्मीबाई टिळकांचे १८८० साली, साधारण त्याच वयात. ‘स्मृतिचित्रे’ आपण हसत हसत वाचतो, पण लक्ष्मीबाईंचे ते माहेर म्हणजे बाजारातून आलेले मीठदेखील धुऊन घेणाऱ्या वडिलांचे सोवळ्याने ग्रासलेले घर होते. तरीही जात्यावर बसलेल्या बाईला माहेरच आठवत असे. पुरुषांच्या स्मरणात बालपण हा काळ असतो. बायकांच्या स्मरणात तो एक गाव असतो, आणि त्या गावाहून त्यांना आठव्या-दहाव्या वर्षीच उठावे लागलेले असते. त्याआधीही पोरगी खेळत असे ती बहुधा धाकटे भावंड कडेवर घेऊन. थोरल्या बहिणीची ती कड रिकामी असती, तर भावाला नदीवर जायला इतकी मोकळीक मिळती का, याची मला शंका आहे.

शिवाय या आठवणी लिहिल्या त्या जगलेल्यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेच्यावर पहिल्याच वर्षी जात. आज तो आकडा तिसाच्या खाली आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि मूल दहा दिवसांचे होऊन गेले.

आता गुराखी. मोकळ्या बालपणाचे चित्र काढायचे म्हटले की, आपण पावा वाजवणारा गुराखी काढतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी त्याच पोराकडे निराळ्या डोळ्यांनी पाहिले. शेतकऱ्याची मुले शाळेत येत नाहीत, कारण दारिद्र्यामुळे ती गुरे राखायला आणि शेत सांभाळायला लागतात, असे त्यांनी लिहिले. आणि निदान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. मुंबईच्या गिरण्यांतल्या पोरांना तर रानही नव्हते. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली आणि त्यावरच्यांना बारा वर्षांपर्यंत दिवसाला नऊ तास ठरवून दिले. एवढीच सुधारणा!

फुल्यांच्या मागणीला फळ यायला फार वेळ लागला. गोखल्यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती आणली आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. रानातल्या पोराला पकडून बाकावर बसवण्याचे हे काम ज्यांनी केले, ते मुलांचे वैरी नव्हते.

इतके सांगून मी आजोबांना खोटे पाडायला आलेलो नाही. त्यांच्या आठवणीत एक खरी वस्तू आहे, आणि ती हरवली आहे. वाड्याच्या चौकात चार बिऱ्हाडे असत. ओटीवर कोणी म्हातारे बसलेले असे, विहिरीवर कोणी बाई असे, आणि मुलाला न कळता त्याच्यावर दहा डोळे असत. त्यामुळे कोणा एकाला त्याच्यामागे धावावे लागत नसे. रस्त्यावर बैलगाडी होती, टांगा होता. त्यांच्या वाटेतून पोर सहज बाजूला होई. पुण्यात १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात नेले, उरलेले पुढे हळूहळू इमारतींच्या पोटात गेले. चौक गेला, तशी ओटी गेली, आणि रस्ता मोटारींचा झाला. मुलांचा स्वभाव बदलला म्हणून हे घडले नाही. जागा आपण मोठ्यांनी घेतली.

तेव्हा मागायचेच असेल, तर नेमके मागावे. जुने दिवस मागितले की त्यांबरोबर मसूरचा गाडीवानही येतो. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांच्या निवेदनानंतर १२७ वर्षांनी झालेल्या या कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असले पाहिजे याची यादी आहे. तीत वर्गखोल्या आहेत, पिण्याचे पाणी आहे, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आहेत, आणि खेळाचे मैदानही आहे. आपापल्या पेठेतल्या शाळेवरून घरी जाताना श्रोत्यांनी ते कोठे दिसते का पाहावे, आणि दिसले नाही तर शाळेत जाऊन विचारावे.