शस्त्रक्रियेतील रुग्णस्थिती व कमरेचा कणा
कण्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला निजवण्याच्या पद्धतीचा कमरेच्या मणक्यांच्या रचनेवर होणारा परिणाम. कण्याभोवतीच्या झडपाविरहित नीलाजालाचे कार्य ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिले. पालथ्या रुग्णाचे पोट दाबले गेल्यास रक्त याच जालात चढते आणि रक्तस्राव वाढतो. म्हणून छाती व कमरेच्या हाडांखाली आधार देऊन पोट मोकळे, लोंबते ठेवतात. मांड्या पोटाकडे दुमडल्या की कमरेचा बाक सपाट होतो, मणक्यांच्या कमानींमधील फट रुंदावते; चकती काढताना (पहा : आंतरकशेरुकी चकती) ती उपयोगी पडते. मग हीच स्थिती सर्वत्र का नको? मणके स्क्रूंनी जोडताना सपाट झालेला बाक तसाच कायम होतो आणि रुग्ण पुढे वाकलेला राहू शकतो. तेथे मांड्या सरळच हव्यात.