नायकिणीच्या खात्यातली नवी बाई

मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. मग रत्नागिरी-साताऱ्याकडून माणसं येत गेली, बायाही आल्या. १९२०च्या दशकात गिरणीकामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायांचा होता. बहुतेकजणी वाइंडिंग नि रिळिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायला.

नव्या बाईला काम साहेब देत नसे. खात्यावर नायकीण असे. कामावर घेणं-काढणं तिच्या हातात. गावची, नात्याची कुणी तिच्यापुढे नेऊन उभी करी. दस्तुरी द्यावी लागे, काम टिकवायलाही. ही ओळख म्हणायची की ओझं? मला तर दोन्ही वाटतं. ओळखीविना आत पाऊल नाही, आणि आत गेल्यावर तोंड उघडायची सोय नाही.

दुसरी ओळख शेजारी बसणारीची. मजुरी कामाच्या मापावर. सूत वाईट आलं की धागा सारखा तुटे, हात अडे, पैसे बुडत. नवीला वाटे, आपलाच हात कच्चा. शेजारीण सांगे, अगं, माझंही तेच! इथं नायकिणीची मेहेरबानी लागत नव्हती.

१९२८चा संप सहा महिने चालला. त्यात बायाही उतरल्या. त्यांच्यात काम करणाऱ्या उषाताई डांगे यांनी पुढे आत्मकथा लिहिली, नाव ‘पण ऐकतं कोण?’