थोड्या पैशांत सोने-चांदी : भावाआधी घटीचा हिशेब

नवी दिल्ली : एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या सराफ बाजारात दहा ग्रॅम सोन्याने एक लाख रुपयांचा टप्पा गाठला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सव्वा लाखाची पातळीही मागे टाकली. महिन्याकाठी हजार-दोन हजार रुपये बाजूला काढणाऱ्या कुटुंबाला आता आपल्यासाठी या बाजारात काही उरले आहे का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उरले आहे, मात्र लहान खरेदीदाराने पाहायची गोष्ट वेगळी आहे. आज भाव किती, यापेक्षा आपण दिलेल्या रुपयातले किती पैसे धातूत गेले आणि मोडताना त्यातले किती परत येतील, हा त्याच्यासाठी खरा प्रश्न असतो. मोठ्या खरेदीत जो खर्च पचून जातो, तोच लहान खरेदीत भाववाढीचा सगळा लाभ गिळतो.

दिल्लीचा बाजार आणि मराठी हात

राष्ट्रीय राजधानी परिसरात नोएडापासून गुरुग्रामपर्यंत मोठी दालने आहेत. पण धातूचा घाऊक व्यवहार आजही जुन्या दिल्लीत चालतो. चांदणी चौकातील कूचा महाजनी ही सोन्या-चांदीच्या घाऊक व्यवहाराची गल्ली, तर जवळचा दरीबा कलान चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. करोल बागेतही सुवर्णकारांच्या पेढ्या आणि कारखाने आहेत.

या गल्ल्यांत मराठी कानावर पडते, त्याला कारण आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातील खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यांतून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ बाजारांत पसरले असून दिल्लीही त्याला अपवाद नाही. मोडीत आलेले दागिने वितळवणे, त्यांतील डाक आणि हीण बाजूला काढणे, नमुन्याची शुद्धता म्हणजे टंच तपासणे आणि चोख धातू परत देणे हे त्यांचे काम. ग्राहकाच्या लेखी जो ‘पाच ग्रॅमचा डाग’ असतो, तो मुशीतून बाहेर पडल्यावर किती भरतो, हे गलाईवाला रोज पाहतो. लहान गुंतवणूकदाराने नेमकी हीच नजर उसनी घ्यावी.

दागिना म्हणजेच बचत, ही आपली समजूत केवळ हौसेतून आलेली नाही. १९६३ चे सुवर्ण नियंत्रण नियम आणि पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांमुळे सामान्य नागरिकाला सोन्याच्या लगडी वा बिस्किटे बाळगता येत नव्हती. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. तोपर्यंत बहुतेक घरांना सोने साठवण्याचा दागिना हाच मोकळा मार्ग होता. आज तशी सक्ती नाही, सवय मात्र टिकून आहे.

खरेदी आणि मोड यांतील अंतर

उदाहरणादाखल एका ग्रॅमचा भाव १०,००० रुपये धरू. घडणावळ १५ टक्के असलेला दागिना घेतला, तर ग्रॅममागे १,५०० रुपये घडणावळीचे वाढून ११,५०० रुपये होतात. त्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कराचे ३४५ रुपये मिळवले की किंमत ११,८४५ रुपये झाली. मोडताना घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. वर सराफाने घटीपोटी दोन टक्के कापले, तर हाती ९,८०० रुपये येतात. म्हणजे भाव सुमारे २१ टक्के वाढेपर्यंत खरेदीदार तोट्यातच राहतो.

तेच चार टक्के अधिमूल्य असलेल्या नाण्याचे पाहा. १०,४०० रुपयांवर ३१२ रुपये कर धरून १०,७१२ रुपये होतात. मोडीचा हिशेब तोच धरला, तर नऊ टक्क्यांहून थोड्या अधिक भाववाढीत मुद्दल निघते. घडणावळ आणि कपात प्रत्येक पेढीवर वेगळी असते. हिशेबाची रीत मात्र सगळीकडे हीच.

यातून तीन नियम निघतात. अंगावर घालायचा दागिना हौस म्हणून घ्यावा, त्याला गुंतवणूक म्हणू नये. गुंतवणुकीसाठी नाणे, लहान लगड किंवा महाराष्ट्रात मिळते तसे चोख सोन्याचे वेढणे बरे, कारण त्याची घडणावळ कमी असते. आणि अर्ध्या-एक ग्रॅमची नाणी वारंवार घेण्यापेक्षा पैसे साठवून मोठ्या वजनाचे एक नाणे घेणे परवडते; नाणे जितके लहान, तितका त्याचा ग्रॅममागे घडवण्याचा आणि वेष्टनाचा खर्च अधिक.

नाणे कोठून घ्यावे, यालाही महत्त्व आहे. बँकांनी विकलेली नाणी बँका परत विकत घेत नाहीत. ती मोडायला सराफाकडेच जावे लागते. त्यामुळे ‘हेच नाणे उद्या आणले तर कोणत्या भावाने घ्याल?’ हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे. हरियाणातील नूह जिल्ह्यात एमएमटीसी-पॅम्प ही शुद्धीकरण कंपनी असून तिची नाणी व लगडी क्रमांकासह मोहोरबंद वेष्टनात येतात. असे वेष्टन फोडू नये. फोडल्यास पुन्हा तपासणीची वेळ येते आणि भाव घसरू शकतो.

शुद्धतेची खूण

देशात सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या कक्षेतील दागिन्यावर तीन खुणा असल्याशिवाय तो विकता येत नाही : भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. बावीस कॅरेटसाठी ९१६, अठरासाठी ७५० आणि चौदासाठी ५८५ हा आकडा असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल उपयोजनात एचयूआयडी टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, नोंदणीकृत सराफ आणि तपासणी केंद्र यांची माहिती दिसते. ही तपासणी दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करावी. सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्कचे शुल्क नगामागे ४५ रुपये आणि त्यावरील कर इतके आहे. याच नावाने मोठी रक्कम मागितली, तर पावतीवर तपशील मागावा.

लहान खरेदीदाराने दोन अपवाद लक्षात ठेवावेत. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना ही सक्ती नाही. थोड्या पैशांतली खरेदी नेमकी याच वजनात होते. उत्तर भारतात लोकप्रिय असलेल्या कुंदन, पोलकी आणि जडाव दागिन्यांनाही सूट आहे. अशा दागिन्यांत लाख आणि खडे यांचे वजन मोठे असते. ते वगळून निव्वळ सोने किती, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

घरातील जुन्या, हॉलमार्क नसलेल्या दागिन्यांची शुद्धता ग्राहकाला मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात स्वतः तपासून घेता येते. चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क आहे. मोड करण्यापूर्वी हा खर्च केला, तर पेढीवरील सौदा अंदाजावर राहत नाही. हॉलमार्क असलेल्या दागिन्याची शुद्धता कमी आढळल्यास, कमी भरलेल्या शुद्धतेच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची नियमांत तरतूद आहे.

चांदी : कमी पैसे, जास्त चढउतार

पाचशे-हजार रुपयांनी सुरुवात करणाऱ्याला चांदी जवळची वाटते. मात्र तिचा भाव सोन्यापेक्षा अधिक हेलकावे खातो, कारण तिला दागिन्यांबरोबरच विद्युत उपकरणे आणि सौर पॅनेल अशा उद्योगांतूनही मागणी असते. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली आणि मार्चअखेर ११ डॉलरच्या खाली आली. २०११ मध्ये एप्रिलअखेर ती पुन्हा त्याच उंचीजवळ पोहोचली आणि मेच्या पहिल्या आठवड्यातच मोठ्या प्रमाणात कोसळली. शिखरावर एकदम घेणाऱ्याला पुढे वर्षानुवर्षे थांबावे लागले. म्हणून चांदी हप्त्याहप्त्यानेच घ्यावी आणि दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे तीत घालू नयेत.

चांदीला हॉलमार्क ऐच्छिक असून १ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यासाठीही एचयूआयडीची सोय झाली आहे. ९९९ किंवा ९९० शुद्धतेचे, हॉलमार्क असलेले नाणे मागावे; ९२५ ची चांदी दागिन्यांसाठी ठीक. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाच्या धातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे.

धनत्रयोदशीच्या सुमारास दिल्लीच्या बाजारात राणीछाप आणि राजाछाप रुपयांना मागणी येते. व्हिक्टोरिया राणी आणि पंचम जॉर्ज यांच्या काळातील अस्सल रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा वजनाचा असून त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असते. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयात हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. चेहरा न ओळखता एकाच भावाने घेणारा फसतो. शिवाय नव्याने पाडलेली नक्कलही बाजारात असते. तोळ्याबाबत आणखी एक सावधगिरी : मूळ तोळा ११.६६ ग्रॅमचा असला, तरी अनेक ठिकाणी बोलताना दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. सौदा नेहमी ग्रॅममध्ये करावा.

कागदावरचे सोने

धातू हातात असण्याचा आग्रह नसेल, तर गोल्ड ईटीएफ हा लहान रकमेसाठी सर्वांत कमी घटीचा मार्ग ठरतो. भारतात तो २००७ पासून आहे. सिल्व्हर ईटीएफ जानेवारी २०२२ मध्ये आले. घडणावळ नाही, खरेदीवर तीन टक्के कर नाही. दलाली, डिमॅट खात्याचा खर्च आणि फंडाचा वार्षिक खर्च तेवढा असतो. डिमॅट खाते नसलेल्यांना सोन्याच्या म्युच्युअल फंडात काही शे रुपयांच्या मासिक हप्त्याने सुरुवात करता येते.

सार्वभौम सुवर्ण रोखे नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. त्यांवर वर्षाला अडीच टक्के व्याज मिळते. फेब्रुवारी २०२४ च्या मालिकेनंतर नव्या विक्रीत खंड पडला; जुने रोखे शेअर बाजारात विकत घेता येतात, मात्र तेथील भाव आणि उलाढाल पाहूनच निर्णय घ्यावा.

मोबाइलवर दहा-वीस रुपयांतही मिळणारे ‘डिजिटल सोने’ सोयीचे भासते. त्यावर तीन टक्के कर लागतो आणि खरेदी-विक्रीच्या भावांत अंतर असते. ते आपल्या नियमनाच्या कक्षेत येत नसल्याचा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. सोय आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे विसरू नये.

सुवर्ण भिशीचा मोह

अकरा महिने हप्ते भरा, बाराव्याची रक्कम पेढी देईल, अशा सुवर्ण भिशीने अनेक घरांत बचतीची शिस्त लावली आहे. ही रक्कम बँकेतील ठेवीसारखी विमासंरक्षित नसते. पेढी बुडाली, तर हप्तेही बुडतात. शेवटी बहुधा दागिनाच घ्यावा लागतो, त्यामुळे बाराव्या हप्त्याचा लाभ घडणावळीत विरतो का, हे आधी तपासावे. ‘घडणावळीत सूट’ आहे, पण नाणे घेण्याची मुभा नाही, अशी योजना गुंतवणूक म्हणून उपयोगाची नाही.

पावती, कर आणि जपणूक

पावतीवर वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि कर स्वतंत्र लिहिलेले असावेत. अठरा कॅरेटच्या डागाला बावीसचा किंवा बावीसला चोवीसचा भाव लावलेला नाही, हे पाहावे. जाहीर भाव करासह आहे की कराविना, हेही विचारावे. दोन लाख रुपयांवरील खरेदीस पॅन लागतो आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. धातू २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगून विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली लाभ कर लागतो. त्या वेळी खरेदीची किंमत सिद्ध करण्यास हीच पावती उपयोगी पडते.

अडचणीच्या वेळी सोने तारण ठेवायचे असेल, तर त्याचे रूपही मोजले जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार दागिने आणि ठरावीक मर्यादेत नाणी यांवर कर्ज मिळू शकते. लगडी आणि ईटीएफवर असे कर्ज देता येत नाही. लॉकर घेताना भाडे आणि आतील सोन्याची किंमत यांची तुलना करावी. चोरी, आग यांसारख्या प्रसंगी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत मर्यादित असते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी काही महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बँकेत ठेवावी आणि चढ्या व्याजाचे कर्ज फेडावे. त्यानंतर ठरावीक रक्कम दरमहा फंडात टाकावी किंवा साठवावी. गुरुपुष्यामृताला किंवा दसरा-पाडव्याला गुंजभर का होईना सोने घेण्याची घरोघरची रीत मुळात हप्त्याचीच शिस्त आहे. फक्त त्या दिवशीच्या गर्दीत घडणावळ विचारायला विसरू नये. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हॉलमार्कविषयीची तक्रार ‘बीआयएस केअर’वरही करता येते.