'घाशीराम कोतवाल'साठी जन्माला आलेली संस्था : थिएटर ॲकॅडमी आणि तिचं कोकणाशी नातं

सहसा आधी नाट्यसंस्था निघते, मग ती नाटकं करते. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीचं उलटं झालं. इथे नाटक आधी आलं, ते बंद पडलं आणि ते परत उभं करण्यासाठी संस्था काढावी लागली. ते नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. त्यातली माणसांची भिंत मराठी रंगभूमीवर गाजली. ही भिंत ज्या लोकपरंपरांशी नातं सांगते, त्यांतली एक आजही रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांमध्ये शिमग्याला अंगणात नाचते.

नाटक बंद का पडलं?

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, तो सादर केला होता. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल.

गोष्ट पेशवाईतली. पुण्यात अपमानित झालेला परप्रांतीय ब्राह्मण घाशीराम सूड घ्यायचं ठरवतो. स्वतःची मुलगी नाना फडणवीसांच्या हवाली करून तो कोतवाली मिळवतो आणि शहरावर जुलूम सुरू करतो. काम संपल्यावर नानाच त्याला जमावाच्या तोंडी देतो. खरा घाशीराम १७९१ मध्ये मारला गेला होता. त्याच्या कोठडीत बरीच माणसं गुदमरून मेली आणि त्यानंतर चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं. तेंडुलकरांना मात्र इतिहास सांगायचा नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी एखादा क्रूर माणूस कसा तयार करते आणि नंतर त्याच्यापासून हात कसे झटकते, हे त्यांना दाखवायचं होतं.

पण प्रेक्षकांतल्या अनेकांना त्यात नाना फडणवीसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी दिसली. विरोध वाढला आणि १९ प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवलं.

नटमंडळींसमोर दोनच पर्याय होते. नाटक सोडायचं किंवा संस्था सोडायची. त्यांनी संस्था सोडली. २७ मार्च १९७३ रोजी, म्हणजे जागतिक रंगभूमी दिनी, थिएटर ॲकॅडमी सुरू झाली आणि ११ जानेवारी १९७४ पासून 'घाशीराम' पुन्हा रंगमंचावर आलं.

यात प्रायोगिक काय होतं?

रंगमंचावर वाडे, महाल, खिडक्या काहीच नव्हतं. होती फक्त एका रांगेत उभी असलेली १२ माणसं. ही माणसं गात, डुलत, ताल धरत कथा सांगायची. प्रेक्षकांकडे पाठ फिरवली की त्यांची भिंत व्हायची. रांग मोडली की गर्दी, रस्ता किंवा बाग व्हायची. भिंतीपलीकडे काय चाललंय, ते कधी दिसायचं, कधी लपायचं.

ही भिंत नुसती नेपथ्याची सोय नव्हती. शहर अन्यायाकडे पाठ फिरवतं, हा नाटकाचा आशयच त्या पाठमोऱ्या रांगेत होता. आणि शेवटी घाशीरामवर तुटून पडणारा जमावही त्याच माणसांचा होता.

हे जमवायला वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं एकत्र आली होती :

- संगीत भास्कर चंदावरकरांचं. ते सतारवादक होते आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे.
- नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची.
- दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने बालरोगतज्ज्ञ.
- नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. घाशीरामच्या भूमिकेत रमेश टिळेकर होते.
- संस्थेतले नाटककार सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायचे.

म्हणजे पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि संध्याकाळी तालीम. नटाने फक्त संवाद पाठ करून भागत नव्हतं. गायला हवं, नाचायला हवं आणि आपली भूमिका नसताना भिंतीचा एक भाग म्हणून उभंही राहायला हवं. एकाचा ताल चुकला तर अख्खी भिंत हलायची. त्यामुळे हे नाटक स्टार नटावर नाही, तर समूहावर चालायचं.

रत्नागिरीचा संबंध कुठे येतो?

'घाशीराम'च्या घडणीत कीर्तन, तमाशा, दशावतार अशा अनेक लोकप्रकारांचे अंश आहेत. त्यांच्यासोबत कायम नाव घेतलं जातं ते कोकणातल्या नमन-खेळ्यांचं.

रत्नागिरी जिल्ह्यात, विशेषतः संगमेश्वर भागात, शिमग्याच्या दिवसांत खेळे निघतात. मृदंग आणि टाळाच्या साथीवर आधी देवदेवतांना नमन होतं. मग गण आणि गवळण. काळ्या पोशाखातला, उंच टोपीचा संकासुर येतो आणि पोरांची पळापळ होते. बायकांची कामं बहुतेक ठिकाणी पुरुषच करत आले. पडदा नसतो, विंग नसते. गाणारे आणि वाजवणारे सगळ्यांच्या समोर उभे असतात. त्यांच्यातूनच सोंग पुढे येतं, आपलं काम करतं आणि परत जातं.

'घाशीराम'ची सुरुवात आठवली की साम्य लगेच दिसतं. रांगेत उभे राहून गाणारे लोक, गणपतीचं नमन, नाचत येणाऱ्या देवता. फरक हेतूचा आहे. खेळ्यांमध्ये नमन श्रद्धेने होतं. 'घाशीराम'मध्ये त्याच नमनानंतर भक्तीचा बुरखा पांघरलेल्या शहराची पोलखोल सुरू होते.

परदेश दौरा आणि पुन्हा वाद

१९८० मध्ये या नाटकाला युरोपचं आमंत्रण आलं. 'परदेशात महाराष्ट्राची बदनामी होईल' म्हणून पुन्हा विरोध पेटला आणि प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी हे नाटक म्हणजे इतिहास नाही, असं निवेदन प्रयोगाआधी करायचं ठरलं आणि मंडळी बर्लिनला पोचली. त्या दौऱ्यानंतर भारतीय रंगभूमीवरच्या चर्चेत 'घाशीराम'चं नाव जगभर घेतलं जाऊ लागलं.

त्याआधी १९७६ मध्ये या नाटकावर चित्रपटही आला होता. युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या या चित्रपटात मोहन आगाशे नाना होते आणि घाशीराम होता ओम पुरी. ओम पुरींचा हा पहिला चित्रपट.

फक्त एकाच नाटकाची संस्था?

नाही. १९७४ मध्ये आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं. त्यात मेलेला माणूसच कीर्तनकार होऊन स्वतःच्या मरणाची कथा सांगतो आणि चाळकरी त्याचा कोरस होतात. १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेलं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. त्यात देशी आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र नांदलं. १९७९ च्या 'बेगम बर्वे'मध्ये संगीत नाटकाच्या जुन्या वैभवावर जगणाऱ्या एका स्त्रीपार्टी नटाची करुण गोष्ट आहे.

१९८६ पासून संस्थेने जर्मनीच्या 'ग्रिप्स' रंगभूमीच्या धर्तीवर मुलांसाठी नाटकं केली. यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि परीकथा नाही, तर मुलांचे रोजचे प्रश्न मांडतात. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नव्या नाटककारांसाठी आणि पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यगटांसाठी योजना राबवल्या. नवं नाटक फक्त दोन शहरांत अडकू नये, हा त्यामागचा विचार.

आज हे कुठे पाहता येईल?

मूळ संचातलं 'घाशीराम' आता रंगमंचावर नाही. नाटकाचं पुस्तक मात्र उपलब्ध आहे आणि ते आजही वाचलं जातं. पण पडद्याशिवाय, नेपथ्याशिवाय, फक्त माणसांच्या जोरावर नाटक कसं उभं राहतं हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर फाल्गुनात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावी जावं. तिथे खेळे पालखीबरोबर निघतात, तिकीट नसतं आणि संकासुराच्या वाटेत येणाऱ्याला प्रेक्षक म्हणून फार वेळ लांब उभं राहता येत नाही.