तळटीप : कलर मोठा की सिक्वेन्स?

७. कलर : पाचही पाने एकाच प्रकारची, म्हणजे सगळी इस्पिक किंवा सगळी बदाम. घरी तीन पत्ती खेळलेला वाचक इथे हमखास अडखळेल, कारण तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो आणि पोकरमध्ये नेमके उलटे. हा नियम लहरीने ठरलेला नाही. जो हात दुर्मीळ, तो वरचढ. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. पाच पानांत मात्र सिक्वेन्स १०,२०० आणि कलर अवघे ५,१०८. (एकाच प्रकारच्या पानांचे सिक्वेन्स यात धरलेले नाहीत, ते दोन्ही खेळांत या दोहोंच्या वर.) पाने वाटण्यापूर्वीच हा क्रम कागदावर लिहून सर्वांसमोर ठेवावा. – संपा.